दुसऱ्या हाताची शीर

अकरा वर्षं प्रयोगशाळेत ती एकच गोष्ट बघत आली होती: बारीक रक्तवाहिनीच्या जागी काय टिकतं? एकीकडे कृत्रिम नळ्या, दुसरीकडे पेशी धुऊन काढलेल्या जनावरांच्या वाहिन्या. जाड नळ्या वर्षानुवर्षं वाहत्या राहत. पेन्सिलीपेक्षा बारीक झाल्या, की त्यांत रक्त गोठून बसे. आणि आता तिच्या दादाच्याच पायाची वाहिनी गुडघ्याखाली बुजली होती. अंगठा काळा पडत चालला होता.

दादा कुलपं दुरुस्त करायचा. त्याच्या पायांतल्या चांगल्या शिरा हृदयाच्या ऑपरेशनात आधीच वापरून झाल्या होत्या.

"कृत्रिम नळी टाकली तर दोन तासांत मोकळे होऊ," सर्जन म्हणाले. "हाताची शीर काढायची तर वेळ दुप्पट. त्यात यांचं हृदय हे असं."

"हिचीच नळी टाका की," दादा हसला. "घरचा माल!"

"माझी अजून माणसांत टाकत नाहीत, दादा. आणि बाजारातलीही इतक्या खाली टिकेल याची खात्री नाही. हाताची घेऊ दे."

"अगं ठमे, हातावर पोट आहे माझं."

"वरवरची शीर असते ती. बोटं चालतील."

तो बराच वेळ बोटांची उघडझाप करत राहिला. "तू म्हणतेस तर घेऊ देत."

ऑपरेशनच्या दिवशी तिला एका जागी बसवेना. वहिनीने दिलेला चहा तिने दोनदा तोंडाला लावून तसाच ठेवला. आपण हे माहितीतून बोललो, की आपल्याच बुजलेल्या नळ्यांना घाबरून? त्याचं हृदय मध्येच दगा देऊन बसलं तर?

तीन तासांनी सर्जन बाहेर आले. "सुया टोचून टोचून शीर एका ठिकाणी कडक झालीय. वीतभर कमी पडते. तेवढ्यापुरती नळी जोडू, की दुसरा हात उघडू? आणखी तासभर तरी लागेल. तुम्ही यातल्या आहात, म्हणून विचारतो."

"हृदय?"

"आत्ता ठीक आहे. पुढचं कसं सांगू?"

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनीचा चेहरा पांढराफटक पडला होता. "मला यातलं ओ की ठो कळत नाही, वन्सं. तुम्हीच बोला."

"दुसरा हात उघडा," ती म्हणाली.

तासाचे अडीच तास झाले. अंगठा वाचला नाही, पाऊल वाचलं. शुद्धीवर आलेल्या दादाचे दोन्ही हात पट्ट्यांत होते. "ठमे, आधी नाक खाजव माझं," तो म्हणाला, तेव्हा तिला रडू फुटलं.

नंतर उघडलेल्या उजव्या हाताच्या अंगठ्याला आलेली बधिरता मात्र गेली नाही. किल्ली बोटाला जाणवत नाही, म्हणून तो डाव्या हाताने काम शिकतोय. कधी चिडतो, कधी कानस फेकून देतो. दुकानात मात्र चालत जातो. ती दर रविवारी येते, आणि चपला काढायच्या आधी वाकून त्याच्या पावलाला हात लावून बघते.

"गरम आहे गं बाई," तो वैतागतो. "आता बस तरी!"