भुवीचे तीन एजंट आणि एक विसरलेला

भुवनेश्वरी दहावीत गेली आणि चार महिन्यांत तिच्या हाताखाली तीन माणसं आली. माणसं म्हणजे एआयचे एजंट. पण वर्गात सांगताना ती 'माझी माणसं' असंच म्हणायची. अक्कलकोट रोड एमआयडीसीत तिच्या अप्पांचा, म्हणजे महादेवप्पांचा, टॉवेलचा कारखाना. पहिला एजंट गिऱ्हाइकांचे मेसेज वाचायचा, दुसरा साठ्याच्या यादीत माल शोधायचा आणि तिसरा टेम्पोत काय भरायचं त्याची चिठ्ठी ऑफिसातल्या प्रिंटरवर छापायचा. ब्राउझरमध्ये कन्सोल, म्हणजे एजंटांवर नजर ठेवायचं पान, उघडलं की तिघांपुढे तीन हिरवे ठिपके. भुवी त्यांच्याकडे अशी बघायची, जणू कलेक्टरीणबाई तालुक्यांचा आढावा घेतायत.

सुरुवातीला प्रत्येक चिठ्ठी तिनं 'मंजूर' बटण दाबेपर्यंत थांबायची. पहिल्या दिवशी ते दाबताना अंगावर मूठभर मांस चढलं. आठव्या दिवशी कंटाळा आला. मग तिनं सेटिंगच बदललं: विचारू नका, करून टाका. माल भरणाऱ्या जोतिरामकाकांनाही तिनं बजावलं, चिठ्ठी आली की भरायचं, मध्ये डोकं घालायचं नाही. काका कारखान्यात बावीस वर्षं होते आणि भुवीला पंधरावं संपायचं होतं. पण हे गणित तिला तेव्हा सुचलं नाही.

शनिवारी शाळा सुटल्यावर ती कारखान्यात आली, तर मंगळवेढ्याचे रेवणप्पा ऑफिसात चहा पीत बसलेले. सोमवारी त्यांच्या मुलीचं लग्न. पाहुण्यांच्या टॉवेल-टोपीसाठी सांगून ठेवलेले तीनशे टॉवेल न्यायला ते आले होते, आणि गठ्ठा जागेवर नव्हता.

अप्पांची पद्धत अशी की लग्नाचा माल बाजूला काढला की गठ्ठ्याला कुंकवाचं बोट लावायचं, झालं. यादीत काही लिहायचं नाही, कारण कुंकू सगळ्यांना दिसतं. भुवी हे लहानपणापासून बघत आलेली. एजंटांना मात्र यादी दिसायची, कुंकू नाही. आणि यादीत तीनशे टॉवेल मोकळे होते.

तिनं कन्सोल उघडलं. सगळ्या कामांपुढे 'यशस्वी' असं झळकत होतं. सकाळी दहा चाळीसला तीनशे टॉवेल सांगोल्याचे दुकानदार सयाजीशेठ यांच्याकडे रवाना.

"काका, तुम्हाला कुंकू दिसलं नाही?"

"दिसलं की. पर तुमीच म्हणला व्हता ताई, डोकं घालायचं न्हाय. न्हाय घातलं."

भुवीनं एकेक करून तिन्ही एजंट थांबवले. ठिपके करडे झाले. सगळं बंद केलंय, असं तिनं अप्पांना मोठ्या रुबाबात सांगितलं, आणि तेवढ्यात प्रिंटरमधून नवीन चिठ्ठी बाहेर आली. मग आणखी एक. अप्पा चिठ्ठीकडे बघत होते, भुवी जमिनीकडे.

झालं होतं असं, की गुरुवारी तिची मैत्रीण अपेक्षा आली होती. बटणं काय कुणीही दाबतं, खरं काम कमांड लाइनवर चालतं, असं तिला ऐकवून भुवीनं ऑफिसच्या लॅपटॉपवर काळी खिडकी उघडली आणि एक कमांड टाइप करून तिघांचंही काम एकटा करणारा चौथा एजंट सुरू केला. अपेक्षा घरी गेली, एजंट राहिला. कन्सोलला त्याचा पत्ताच नव्हता.

थांबवायची कमांड तिला आठवेना. तिनं तीन वेगवेगळ्या टाइप करून बघितल्या. अशी कमांड नाही, असं लॅपटॉपनं तिन्ही वेळा न चिडता सांगितलं. शेवटी जोतिरामकाकांनी प्रिंटरची पिन उपटली. ती काळी खिडकीच बंद करावी, हे भुवीला त्यानंतर सुचलं.

रेवणप्पांनी कप खाली ठेवला. "मग मांडवात पाहुण्यांना काय देऊ पोरी? हिरवे ठिपके?"

लग्न परवावर आलेलं, कारखान्यात एवढा दुसरा माल नाही, आणि तिकडं गठ्ठा सुटून टॉवेल दुकानात मांडले गेले असतील तर सगळंच संपलं. अप्पांनी सयाजीशेठचा नंबर लावला आणि फोन तिच्यापुढे सरकवला. तुझ्या माणसांनी पाठवलंय, तूच बोल, एवढंच म्हणाले.

तिनं अडखळत सगळं सांगितलं. पलीकडं सयाजीशेठ शांतपणे ऐकत होते. गठ्ठा त्यांनी सोडलाच नव्हता.

"कुंकू लावलेला माल कोण फोडंल? मी म्हणलं, महादेवप्पाकडं कुणीतरी नवीन माणूस लागलेला दिसतोय."

एजंटांच्या नावावर ढकलायची संधी चांगली होती.

"हो," ती म्हणाली. "मीच ती."

रेवणप्पा सांगोल्यावरून वळसा घालून गठ्ठा घेऊन गेले. जाताना त्यांनी तिलाही लग्नाला बोलावलं, पण येताना तुझी माणसं आणू नको, असं बजावून.

रविवारी सकाळी भुवी लॅपटॉप घेऊन गोदामात खाली बसली आणि जोतिरामकाका स्टुलावर. यादीत नसलेलं सगळं ते सांगत होते, ती टाइप करत होती. खिडकीजवळचा गठ्ठा उन्हानं विटलाय, चांगल्या गिऱ्हाइकाला द्यायचा न्हाय. जिन्याखालचा अक्कम्मांचा, त्या दिवाळीला न्हेत्यात. त्याच्या मागं उंदीर हाय, तिकडं हात घालताना आदी काठी आपटायची.

दुपारपर्यंत एक्केचाळीस ओळी झाल्या. काका अजून पहिल्याच रॅकवर होते.