चिमणीचा होकार

शाळेचे गणवेश शिवून घर चालवणाऱ्या त्या बाईला सगळी गल्ली ताई म्हणायची. ताई म्हणायचा खरा हक्क एकाचाच, तिच्या पाठच्या भावाचा. तो मुलींना जिम्नॅस्टिक्स शिकवायचा. ताईचा नवरा गेला तेव्हा तान्ह्या भाचीला त्यानेच खांद्यावर फिरवलं, चिमणी हे नावही त्यानेच ठेवलं आणि पुढे आपल्या हॉलमध्ये पहिली कोलांटी त्यानेच शिकवली.

"ताई, या पोरीत हाडं नाहीत, रबर आहे," तो म्हणायचा. ऐकून ताईला मूठभर मांस चढायचं.

बारावं लागलं तशी चिमणी सकाळी भिंत धरून उठू लागली. विचारलं तर म्हणायची, "झोपेत अवघडले." खरं काय ते मामाला ठाऊक होतं. पण मोठी स्पर्धा तोंडावर आली होती. त्याने दुखण्याच्या गोळ्या दिल्या आणि बजावलं, "आईला बोलायचं नाही. ती घर डोक्यावर घेईल, तुझा खेळ बंद करेल. मग मी एवढा झिजलो ते पाण्यात?"

स्पर्धेआधीच्या सरावात चिमणीचे हात बारवरून सुटले. ती पाठीवर आपटली ती उठलीच नाही.

"मणक्याला आधीपासून चीर होती, आता तो मोडलाय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "इतक्या दुखण्यात हिला खेळवलं कुणी?" दवाखान्याने पोलिसांना कळवलं.

साध्या कपड्यातली पोलीसबाई आली, खाटेशेजारी बसून तिने चिमणीला हळूहळू बोलतं केलं. गोळ्यांचं बाहेर आलं, पण चिमणीचं एकच पालुपद होतं, "मीच तयार होते."

बाहेर येऊन पोलीसबाई ताईला म्हणाली, "मोठ्या माणसाने दबाव टाकून मुलाला इजा होईल असं करायला लावलं, तर तो गुन्हा आहे. मुलाच्या होकाराने तो माफ होत नाही."

"तो माझा पाठचा भाऊ आहे हो."

"म्हणूनच तर तिला नाही म्हणता आलं नाही."

घरी ताईची म्हातारी आई पदर डोळ्यांना लावून बसलेली. "आपलेच दात नि आपलेच ओठ गं. कोर्टात जाऊन पोरीचा मणका जुळणार आहे का?"

दुसऱ्या दिवशी ताई चिमणीची पिशवी आणायला हॉलवर गेली. सराव चालूच होता. एक बुटकी पोर लंगडत गादीकडे निघाली होती. ताईने विचारलं, "बाळा, पाय दुखतोय का?" पोरीने आधी मामाकडे बघितलं, मग मान हलवली, "नाही."

ताई तिथून घरी गेली नाही, पोलीस ठाण्यावर गेली.

कोर्टात चिमणी पाठीला पट्टा बांधून बसली. तिथेही म्हणाली, "मीच तयार होते." न्यायाधीशबाईंनी पाणी पुढे केलं आणि विचारलं, "आणि नाही म्हणाली असतीस तर?"

चिमणीने घोटभर पाणी घेतलं. मग म्हणाली, "मामा माझ्याशी बोलला नसता."

भावाने दोन्ही हातांत तोंड लपवलं. ताईला वाटलं, उठून त्याच्या पाठीवर हात ठेवावा. ती उठली नाही.

त्याला शिक्षा झाली, शिकवण्यावर कायमची बंदी आली. नेताना तो ताईपाशी थबकला. "तिचा व्यायाम चुकवू नकोस," एवढंच बोलला. बोलला ते ताईशी. चिमणीकडे त्याने मान वळवली नाही.

घरी आल्यावर चिमणीने ताटात बोटं फिरवली. घास काही घेतला नाही.

"आई, मामा चिडलाय माझ्यावर."

"नाही गं राणी. त्याला लाज वाटली असेल."

"तू त्याला सोडवून आण ना. मी सांगते, आता दुखत नाही."

ताईने तिला जवळ घेतलं, पट्ट्यावरून जपून हात फिरवला. "दुखतंय तर दुखतंय म्हण, बाई. माझ्याशी तरी म्हण."

चिमणी नुसती रडत राहिली, आणि ताईही.