माझ्या पोटात काही घालू नका

ऐका ना, मी एक फाईल आहे आणि माझ्यात काहीही नाहीये. शप्पथ, काही म्हणजे काही नाही. आहे ते फक्त नाव, ‘आज कुणी नाही’. उघडलंत तर पांढरीफटक स्क्रीन दिसेल आणि तुम्हाला वाटेल, कुणीतरी अर्धवट टाकून गेलं. सगळ्यांना तेच वाटतं. म्हणून तर मी कायम घाबरलेली असते.

माझा जन्म तायचुंग शहरातल्या एका छोट्या ऑफिसात झाला. खाली चहाचं दुकान, वर आम्ही. मला पेइश्वान नावाच्या मुलीने बनवलं. तिचं काम टेस्ट लिहायचं, म्हणजे प्रोग्रामला मुद्दाम वेडंवाकडं खायला घालायचं आणि त्याचं पोट बिघडतं का ते बघायचं. बाकीच्या फायलींवर ती तासन्‌तास घालवायची. मला मात्र नाव दिलं, सेव्ह केलं, संपलं. मी आपली वाट बघतेय, आता लिहील, मग लिहील. ती चहा आणायला खाली निघून गेली.

माझं काम काय ते मला हळूहळू कळलं. आमचा प्रोग्राम एका वृद्धाश्रमासाठी गोळ्या बांधतो. रोज सकाळी आश्रमाकडून यादी येते, कुणाला कुठल्या गोळ्या, कुठल्या पत्त्यावर. त्याप्रमाणे मशीन पुड्या बांधतं आणि स्कूटरवाला त्या पोचवतो. पण एखाद्या दिवशी कुणालाच काही नको असेल, तर आश्रम रिकामी यादी पाठवतो. ती बघून प्रोग्रामने मुकाट्याने ‘बरं, आज कुणी नाही’ म्हणायचं आणि मशीन बंद ठेवायचं. तो तसं करतो की नाही, हे तपासायला मी.

टेस्ट चालली की मला त्याच्या तोंडात ढकलायचे. दरवेळी मी डोळे गच्च मिटून घ्यायचे, आणि बाहेर हिरवी खूण उमटायची. हिरवी म्हणजे सगळं ठीक, लाल म्हणजे गडबड.

त्याहून जास्त भीती झाडूची. शेजारच्या फोल्डरमधल्या रिकाम्या फायली एका साफसफाईत उडाल्या. त्या खरंच बिनकामाच्या होत्या म्हणा, पण बाहेरून त्यांच्यात आणि माझ्यात काय फरक दिसतो सांगा.

आमच्या ऑफिसात सगळ्यांत मोठे त्सेंग दादा. मशीन शहाण्यासारखं वागावं म्हणून त्यावर खाऊची हिरवी पुडी ठेवणारे, आणि तिची तारीख उलटली की स्वतः धावत जाऊन नवी आणणारे. त्यांची आई त्याच आश्रमात राहायची. तिला रक्त पातळ ठेवायची गोळी रोज लागायची, ना कमी ना जास्त. मागच्या वादळात तारा तुटल्या, आश्रमाची यादी आलीच नाही, मशीन नुसतं बसून राहिलं आणि आजीची गोळी उशिरा पोचली. दादा हादरले. यादी आली नाही तर कालची वापरायची, असं त्यांनी ठरवलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. चुकीचं काहीच नव्हतं त्यात.

मग त्यांनी कोड लिहिला. शेजारीच राहते मी, मला सगळं दिसतं. त्यांनी लिहिलं होतं, हाती काही लागलं नाही तर कालची यादी घे. आणि मला घामच फुटला. अहो, मला हातात घेतलं तरी हाती काहीच लागत नाही. न आलेली यादी आणि रिकामी आलेली यादी यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. एकीत निरोपच पोचलेला नाही. दुसरीत निरोप आहे की आज कुणी नाही, गप्प बसा.

मी स्वतःला समजावलं, टेस्ट चालेल, आपण लाल होऊ, यांना कळेल.

तेवढ्यात चांद्र वर्षअखेरची साफसफाई आली. घरोघरी पडदे धुतात, खिडक्या पुसतात, ऑफिसात टेबलंसुद्धा सरकवतात. सुट्टीआधीच्या शेवटच्या दुपारी दादा फोल्डर आवरायला बसले आणि आवरत आवरत माझ्यापर्यंत आले. संपलं, मी म्हटलं, गेले मी. पण त्यांनी मला उडवलं नाही. नाव वाचलं, आत बघितलं आणि जीभ चावली. उद्या वर्षाच्या शेवटच्या रात्री सगळं घर एका टेबलाभोवती जेवायला बसणार, आणि इथे ‘आज कुणी नाही’, वर पोट रिकामं. त्यांच्याकडे त्या रात्री तांदळाचा हंडासुद्धा रिकामा ठेवत नाहीत, काठोकाठ भरून त्यावर ‘वसंत ऋतू’ या अर्थाचं एकच चिनी अक्षर लिहिलेला लाल कागद चिकटवतात. दादांनी तेच अक्षर माझ्यात टाईप केलं. इतक्या मायेने, काय सांगू.

खरं सांगते, क्षणभर बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा पोटात काहीतरी होतं. आणि मग उद्या काय होणार ते डोळ्यांपुढे आलं.

टेस्ट चालली. प्रोग्रामने ते अक्षर उचललं; हाती काहीतरी लागलं, म्हणून कालच्या यादीकडे वळलाच नाही. त्यात ना पेशंटचं नाव, ना गोळी. कचरा म्हणून फेकून दिलं आणि म्हणाला, आज कुणी नाही. हिरवी खूण. सगळीकडे हिरवंगार. मी आतून ओरडत होते, पण फायलीचा आवाज कुणाला ऐकू येतो?

उद्या आश्रम मोकळा होणार होता. सगळ्या आजी-आजोबांना घरचे घेऊन जाणार आणि सुट्टीभराच्या पुड्या आजच्याच यादीप्रमाणे घरोघरी गेल्यासुद्धा होत्या. म्हणजे उद्या यादी रिकामी येणार. दादांचा कोड आजची यादी उचलणार, मशीन सगळं पुन्हा बांधणार आणि स्कूटरवाला पुन्हा प्रत्येक दारात. सणाच्या गडबडीत कोण विचारतंय? आश्रमातून आलीय, द्या. तीच गोळी दोनदा, ज्याला साधी जखम झाली तरी रक्त थांबत नाही अशा माणसाला.

एकच आशा होती. आमच्याकडे एकाचा कोड दुसऱ्याने वाचल्याशिवाय चालत्या प्रोग्रामात जात नाही, आणि वाचायची पाळी पेइश्वानची होती. पण तिचं लक्ष कुठे असणार! खांद्याला बॅग लावून उभी, घरी ताइनानला जायची बस पकडायची, आईचे फोनवर फोन. दादा मागे उभे राहून घाई करत होते. ती भराभर खाली सरकत गेली, माझ्यापाशी आली आणि फिसकन हसली.

“दादा, हिच्यात वसंत कुणी आणला?”

“मीच. मोकळी होती बिचारी. तुझी आई हंडा रिकामा ठेवते का उद्या?”

“आई मलाच घराबाहेर काढेल.”

“मग झालं तर. दाब मंजुरीचं बटण, बस चुकेल तुझी.”

तिचं बोट बटणावर गेलं. एवढी घाबरले नव्हते हो मी कधीच, झाडूलासुद्धा नाही. आणि ते बोट तिथेच थांबलं.

“पण दादा, हिचा उपासच असतो. हिला जेवू घातलं, तर ही काय सांगणार आपल्याला?”

“अगं, सगळं हिरवं आलंय.”

“हो, पण वसंत खाऊन आलंय. हिला खाऊन नाही.”

तिने अक्षर पुसलं. मी पुन्हा रिकामी. टेस्ट चालवली आणि मी लाल झाले. जन्मात पहिल्यांदा, लालभडक.

दादा खुर्ची ओढून बसले. पेइश्वानने बॅग खाली ठेवली आणि हळूच विचारलं, “उद्या काय येणार आहे आश्रमाकडून?”

“रिकामी,” दादा म्हणाले. मग लाल खुणेकडे बघत, “आई उद्या माझ्याकडे आहे जेवायला.”

दोघांनी मिळून कोड सुधारला. यादी आलीच नाही तर एक वाट, रिकामी आली तर दुसरी. मग मला पुन्हा तोंडात ढकललं. हिरवी. पेइश्वानची बस केव्हाच गेली होती.

सुट्टीनंतर दादा सांगत होते, आजी जेवली, भाजी चिवट झाली म्हणून सुनेशी वाद घातला, आपली एक पुडी घेतली आणि टीव्हीसमोर झोपून गेली. दारात कुणी आलं नाही. काहीच झालं नाही. ऐकणाऱ्यांनी हं म्हटलं आणि कामाला लागले. काहीच झालं नाही, तर कौतुक कशाचं करणार?

आता पेइश्वान तायपेला चाललीय, नव्या नोकरीवर. तिच्या जागी येणारा माणूस फार टापटिपीचा आहे म्हणे, त्याला पसारा खपत नाही. माझी पुन्हा झोप उडालीय.

तुम्हीच असाल कदाचित तो. मला उघडाल, पांढरी स्क्रीन दिसेल, हात मला पुसायला नाहीतर भरायला जाईल. थांबा जरा. ही रिकामी का ठेवलीय, एवढं कुणालातरी विचारा. माझ्या वतीने सांगायला पेइश्वान नसेल, आणि माझ्याकडे एक अक्षरही नाहीये हो.