बाहेरची कडी

नम्रता मॅडम पुण्यात बसतात आणि मी कर्जतकडच्या चौकपासून आत, आमच्या गावात, तांदळाच्या डब्यापाशी बसते. आमच्या घरात मोबाइलला रेंज येते ती फक्त मागच्या खोलीत, खिडकीखाली. पुढच्या खोलीत नाही, ओट्यावर नाही. धान्याच्या खोलीवरच टॉवरची एवढी मर्जी का, कुणास ठाऊक. दर मंगळवारी दुपारी मी फोन डब्याला टेकवून ठेवते आणि त्यात मॅडम दिसतात.

आगीतून, अपघातातून वाचलेल्या माणसांच्या मनावर इलाज करायचं मॅडमचं शिक्षण आहे. असं माणूस आमच्या बाजूला मिळत नाही. कर्जतला विचारून झालं, खालापूरला विचारून झालं. एका डॉक्टरनं झोपेच्या गोळ्या दिल्या आणि म्हणाला, आता विसरून जा. जसं काही मी हौसेनं आठवत बसले होते. शेवटी कामगारांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेतल्या ताईंनी मॅडमचा नंबर दिला.

पहिल्याच दिवशी मॅडम म्हणाल्या, खोलीचं दार लावून घ्या, आपलं बोलणं दुसऱ्या कुणाच्या कानावर जायला नको. मी म्हटलं, दार लागणार नाही. त्यांना वाटलं, बिजागरी मोडली असेल.

बिजागरी ठीक होती. मीच मोडले होते. मी खालापूरच्या बाजूला एका कंपनीत पॅकिंगला होते, कंत्राटावर. सेंटच्या बाटल्या खोक्यात भरायच्या. आमच्या खोलीला एकच दार. बाटल्या चोरीला जातात म्हणून जितेश नावाचा सुपरवायझर काम सुरू झालं की दाराला बाहेरून कडी घालायचा. लघवीला जायचं तरी आतून दार बडवायचं आणि त्याच्या मर्जीची वाट बघायची. आग लागली त्या दिवशी कडी घातलेलीच होती. जितेश पळाला. त्याची मोटरसायकल चालू झालेली मी आतून ऐकली. पुष्कळ वेळानं माल न्यायला आलेल्या एका टेंपोवाल्यानं कडी काढली. तोवर माझ्या शेजारच्या टेबलावरची हिरू गेली. माझे हात कोपरापर्यंत भाजले, आणि लोक मला म्हणतात, नशीबवान आहेस.

कंपनीनं सांगितलं, उष्णतेनं दार फुगलं आणि अडकलं, पोरी घाबरल्या. तेच सगळीकडे झालं. घरातही तेच माहीत होतं. मी दवाखान्यात होते तेव्हा जितेश सफरचंदं घेऊन आमच्या घरी आला, आणि माझ्या सासूनं त्याला चहा पाजला. भला माणूस, चौकशीला आला, असं त्या मला सांगत होत्या. मी बोलायला तोंड उघडलं की घाम फुटायचा, श्वास लागायचा. कडीपर्यंत पोचायच्या आधीच मी भिंत धरून खाली बसायची. संस्थेच्या ताई म्हणाल्या होत्या, तुला सगळं सांगता येईल त्या दिवशी आपण खालापूरच्या सरकारी ऑफिसात जाऊन जबाब देऊ. पण ते सांगता यायला हवं होतं. एकदा, सलग, शेवटपर्यंत. मला दुसरं काही नको होतं.

आता आमच्या गावाचं सांगते. आमच्याकडे दिवसा आतून दार लावत नाहीत. लावलं तर घरात कुणी आजारी आहे, नाहीतर नवराबायकोचं वाजलंय, असं धरून चालतात, म्हणजे मग बघायला यावंच लागतं. मी तर मुद्दाम दार सताड उघडं ठेवून बसायची, त्यामुळे येणाऱ्यांची चांगलीच सोय झाली. शेजारच्या चिमाकाकू एकदा थेट माझ्या खांद्यावरून फोनमध्ये डोकावल्या. मॅडमना जय भीम घातला, लग्न झालंय का ते विचारलं, आणि ही पोरगी जेवत नाय, तिला जरा दमात घ्या, असं सांगून वाटीभर साखर घेऊन गेल्या. सासूबाई तर मध्येच चहा आणून ठेवायच्या. त्यांचं नाव चंद्राबाई. मी त्यांना आई म्हणते. कपाला कान नसला तरी चालेल, बशी पाहिजेच, अशी बाई. मी रडत असले की त्या बशी ठेवून तिथंच उभ्या राहायच्या.

तिसऱ्या-चौथ्या वेळी मॅडम म्हणाल्या की अशानं मुख्य काम सुरू करता येणार नाही. त्या दिवसाबद्दल बोलायचं तर बंद खोली हवी. कुणी ऐकत असताना माणूस अर्धंच सांगतं, आणि अर्धं सांगण्यानं त्रास वाढतो.

माझं डोकंच फिरलं. "दार लावता येत नाही म्हणून तर तुमच्याकडे आले," मी म्हटलं. "दार लावता आलं असतं तर तुमची गरज काय होती मला?"

मॅडम म्हणाल्या, बरोबर आहे तुमचं. आपण दारापासूनच सुरू करू.

म्हणून आम्ही दारापासून सुरू केलं. आधी फटीत बादली ठेवून दार लोटायचं. बादलीएवढ्या फटीतून मी सुटू शकते, एवढं अंगाला पटलं की बादली काढून तांब्या. मग रत्नदीपची चप्पल. रत्नदीप म्हणजे माझा नवरा. तो चौकवरून भाड्याचा टेंपो चालवतो. आपल्या चपलेवर बायकोचा इलाज चाललाय हे कळल्यावर तो म्हणाला, नवी घेऊ का, ही झिजलेली हाय. मला त्या दिवशी कितीतरी दिवसांनी हसू आलं. पण चप्पल काढायची वेळ आली तेव्हा मी मॅडमना वाटेल ते बोलले. तुम्ही पंख्याखाली बसून सांगता, तुमच्या दाराला काचा आहेत, तुम्हाला काय जातंय. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या मंगळवारी पुन्हा विचारायच्या, चप्पल काढून बघूया का.

घरात मात्र येणं-जाणं चालूच होतं. एकदा नेमकी चप्पल काढली आणि आई चहा घेऊन दार ढकलून आत. मी उठून ओरडले. एक तास मागते मी ह्या घरात, फक्त एक तास. तो पण माझा नाही का? कुणी आत यायचं नाही. तुम्ही पण नाही. आई कप घेऊन तशाच मागं गेल्या. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मला वाईट वाटलं, पण राग काही गेला नाही.

पुढच्या मंगळवारी जेवणं झाली आणि आई पुढच्या खोलीत, मागच्या खोलीच्या उंबऱ्यापाशी पाट टाकून बसल्या. म्हणाल्या, तू बोल निवांत, आज चिमी आली तरी आत सोडत नाय. मला बरं वाटलं. मी दार लोटलं. फटीत काही नाही. नुसतं लोटलेलं दार.

मॅडम म्हणाल्या, जमेल तिथपर्यंत सांगा, आणि जीव घाबरला तर उठून दार उघडायचं. दार तुमच्या हातात आहे. मी सुरुवात केली. सकाळी हिरूनं डब्यात सुकट आणली होती, जितेश वासावरून चेष्टा करत होता. ती म्हणाली, तुझ्या सेंटपेक्षा बरा वास हाय. मग दुपारी कोपऱ्यातल्या मशीनमधून धूर आला. आम्ही दाराकडे धावलो. इथं माझा श्वास लागला. मॅडम म्हणाल्या, थांबा, आता उठा आणि दार उघडून या.

मी उठले आणि दार ओढलं. ते बोटभर आलं आणि थांबलं. पलीकडे कडी खणकली.

त्यानंतर मी कुठल्या खोलीत होते ते मला सांगता येणार नाही. मी दार ओढत होते, लाथा मारत होते. हाताची कातडी अजून नाजूक आहे, ती फाटली. मागून फोनमधून मॅडम माझं नाव घेत होत्या. बाहेरून आईचा आवाज येत होता. "अगं वढू नको. ताण बसलाय, कडी निघंना. जरा ढिल्लं सोड." ताण दिला की कडी निघत नाही हे मलाही कळतं. पण ते कळणारं डोकं तेव्हा जाग्यावर नव्हतं. मी आणखी जोरात ओढलं.

"जागृती, मी हाय गं," आई म्हणाल्या. "मी हितंच हाय. मी कुठं जात नाय. सोड जरा."

त्या तेच पुन्हा पुन्हा म्हणत राहिल्या. मी हितंच हाय. मी कुठं जात नाय. कंपनीत दारापलीकडे कुणी नव्हतं, मोटरसायकलचा आवाज लांब लांब गेला होता. इथला आवाज दाराला चिकटून होता आणि लांब जात नव्हता. केव्हातरी माझी बोटं सुटली. कडी निघाली.

दार उघडताच मी त्यांच्या अंगावर गेले. कुणी सांगितलं होतं कडी घालायला, असं विचारलं की किंचाळले, मला आठवत नाही. आई म्हणाल्या, चिमी दोनदा येऊन गेली, दाराला धक्का लागू नये म्हणून घातली. रत्नदीप लहान असताना आत झोपला की अशीच कडी घालून त्या पाण्याला जायच्या, कुत्रं शिरू नये, कोंबड्यांनी त्याला उठवू नये म्हणून. आमच्याकडे सगळ्याच बाया घालतात. ज्याला जपायचं त्याला कडी घालतात.

"तिथं पण कडीच होती," मी म्हटलं. "दार फुगलं नव्हतं. बाहेरून कडी होती. जितेशनं घातली होती, आणि ती तशीच ठेवून तो पळाला. हिरू माझ्या पायाशी पडली. मी तिच्यावर उभी राहून दार ओढत होते, आई. आणि तुमी त्याला चा पाजला."

आई पाटावर बसल्या. ओट्यावर चिमाकाकू उभ्या होत्या, त्याही खाली बसल्या. आईंनी विचारलं, "सफरचंदं घेऊन आल्ता तो?"

"तोच."

त्या उठल्या. कोपऱ्यात रत्नदीपच्या टेंपोचं सामान असतं, त्यातून हातोडी आणि पक्कड काढली. साठीच्या पुढची बाई, पण असे घाव घातले की चौकटीचा टवका उडाला. चिमाकाकू म्हणाल्या, अगं चंद्रा, मांजर शिरंल तांदळात. आई म्हणाल्या, शिरू दे. कडी निघाली, तिच्याबरोबर लाकडाचा तुकडा निघाला. मग त्यांनी रडायला सुरुवात केली, आणि मधूनमधून जितेशला अशा शिव्या घातल्या की त्या मी इथं सांगत नाही. कंपनीवर आई चिडल्या त्या त्या दिवशी पहिल्यांदा. इतके दिवस मी एकटीच चिडलेली होते, आणि एकटीनं चिडून माणूस थकतं.

फोन अजून चालूच होता. मी डब्यापाशी जाऊन बसले. मॅडमचे डोळे लाल झाले होते. मी म्हटलं, दर वेळी दार लागलं का ते विचारलंत, कडी कुठल्या बाजूला आहे ते एकदाही नाही विचारलंत. त्या म्हणाल्या, खरंय, हे मी विचारायला हवं होतं, माझं चुकलं. सबबी सांगितल्या नाहीत, म्हणून मी फोन बंद केला नाही.

पुढच्या मंगळवारी बघते तर तीच कडी दाराला आतून बसवलेली. आईंनी स्वतः ठोकली होती. त्यांची उंची कमी, म्हणून कडी खाली, माझ्या कमरेपाशी, आणि वाकडी. रत्नदीप सरळ करून देतो म्हणाला, तर त्याला हात लावू दिला नाही. मी ती घातली, काढली, घातली, काढली. मॅडम बघत बसल्या, घाई केली नाही. मग मी घातली ती तशीच ठेवली आणि बोलायला लागले. सुकट, धूर, दार, कडी, मोटरसायकल, हिरू. श्वास लागला तेव्हा थांबले, कडीला हात लावून आले, आणि पुढचं सांगितलं. शेवटी टेंपोवाल्यानं दार उघडलं तिथपर्यंत.

मॅडमनी विचारलं, आता कसं वाटतंय? मी म्हटलं, हलकं-बिलकं काही वाटत नाही, राग आलाय. त्या म्हणाल्या, येऊ दे.

मी कडी काढली. आई उंबऱ्यापाशी पाटावर होत्या. बाहेर जायचं लुगडं नेसून बसल्या होत्या, पिशवीही शेजारी होती.

"त्या संस्थेच्या ताईला फोन लाव," त्या म्हणाल्या. "खालापूरला कवा जायचं इचार. मी येते संगती."

मी म्हटलं, आई, तिथं जबाब मलाच द्यायचाय, तुमी कशाला?

"त्या हापिसाला बी दार आसंल ना," आई म्हणाल्या. "मी भायेर बसंन."