सात तपकिरी गोळ्या

पहाटे पाचला गावातल्या खांबावरचा भोंगा वाजायचा. आधी खरखर, मग गाणं, मग गावप्रमुखांचा खोकला. भोंगा वाजला की तेवीस घरांतल्या तेवीस बायका चुलीपुढे उभ्या राहून एकेक गोळी तोंडात टाकायच्या आणि वर पाण्याचा घोट घ्यायच्या. युक्ती माझी होती. बायकांकडे घड्याळं नव्हती आणि मूल न होण्याची गोळी रोज ठरल्या वेळी घ्यावी लागते. भोंगा काही कुणाला चुकत नव्हता.

तेव्हा मी चौतीस वर्षांची होते, आता पंच्याऐंशीची आहे. दात गेले, गुडघे गेले, पण तो भोंगा अजून पहाटे पाचला कानात वाजतो.

मी माता मंडळाची अध्यक्ष होते. आरोग्य कचेरीतून पाकिटं यायची ती माझ्या घरी, आणि महिन्याच्या महिन्याला मी ती वाटायची. पाकिटात एकवीस पांढऱ्या गोळ्या आणि शेवटी सात तपकिरी. औषध पांढऱ्यांत. तपकिरी गोळ्या नुसत्या लोहाच्या, रोजची सवय मोडू नये म्हणून. सभागृहाच्या भिंतीवर तक्ता होता. त्यावर प्रत्येक घराचा चौकोन, आणि गोळी घेणारीच्या चौकोनात लाल ठिपका. ते ठिपके मी कागदाचे कापून भाताच्या खळीने चिकटवले होते. कचेरीतल्या साहेबांनी शब्द दिला होता की वर्षभरात एकही बाई गरोदर राहिली नाही आणि तक्त्यावरचा एकही ठिपका गळला नाही, तर गावाला भाताची गिरणी मिळेल. आम्ही तोवर भात डोक्यावर घेऊन दोन टेकड्या ओलांडून सडायला नेत होतो. माझे केस टाळूवर त्या ओझ्यानेच विरळ झाले आहेत. नदीपलीकडच्या गावालाही हाच शब्द दिला होता आणि त्यांचे ठिपके सव्वीस होते.

इमसून आमच्या गावात समुद्राकाठून लग्न होऊन आली. ब्योन घराण्याची सून. मुलाच्या नावावरून तिला सगळे गीबोकची आई म्हणत, पण मी तिला नावाने हाक मारायचे, कारण पहिल्या वर्षी तिला कोबी मिठात मुरवून किमची घालायला मीच शिकवलं. लावणीच्या वेळी ती गायची. चिखलात गुडघाभर उभी राहून अशी हसायची की सासू बांधावरून ओरडे, "तोंड मिट, गीबोकच्या आई! दात मोजायला बसलोत का आम्ही?" ती तोंडावर हात धरायची आणि बोटांमधून हसायची.

नवरा दूरच्या महामार्गावर बोगदे खोदायला होता. दोन महिन्यांनी चार दिवस घरी यायचा. त्या चार दिवसांसाठी तिला रोज गोळी कशाला, हा प्रश्न मला तेव्हाही पडला होता. पण तक्त्यावर तिचा चौकोन रिकामा दिसत होता.

जुलैत तिने गोळी सुरू केली. मला स्वतःला त्या गोळ्यांनी महिनाभर मळमळलं, मग काही नाही. बाकीच्यांचंही तसंच, कुणाची छाती दुखली, कुणाला पोटऱ्यांत गोळे आले. इमसूनचं ऑगस्टात गाणं थांबलं. सप्टेंबरात ती भाताच्या खाचरात उभी राहून रडताना दिसली. नोव्हेंबरात आम्ही सगळ्या मिळून कोबी मिठात घालत होतो तेव्हा ती घमेल्यावर वाकून रडू लागली आणि थांबेचना.

"राहू दे, राहू दे," चुनजाची आई म्हणाली, "मीठ वाचतंय. पुढचा हंडा हिच्यापुढेच सरकवा."

सगळ्या खो खो हसल्या. मीही हसले.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. हात पदरात धरावे तसे बाह्यांत लपवलेले.

"ताई, मला गोळीतून सोडवा."

"काय झालं?"

"पांढऱ्या गोळ्या चालू असल्या की छातीवर कुणी तरी बसतं. उठतच नाही. तपकिरी सुरू झाल्या की दोन दिवसांत उठून जातं. मग मी पुन्हा मी असते, चार-पाच दिवस. परत पांढरी. मी मोजलंय ताई."

"थंडी पडायला लागली की होतं असं."

"ऑगस्टात कुठली थंडी?" तिचा आवाज चढला, मग एकदम खाली गेला. "काल गीबोकने पाणी मागितलं. नुसतं पाणी. मी त्याला ढकललं. उंबरठ्यावर कपाळ आपटलं त्याचं. हात माझाच होता, मी पाहत होते त्याच्याकडे. ताई, सासूबाई म्हणतात तुला माहेरी धाडते आणि पोर ठेवून घेते. गीबोक गेला तर मी काय करू?"

पोर बापाच्या घराचं असतं. बाईला धाडलं की ती एकटी जाते, हे तिलाही ठाऊक होतं आणि मलाही.

"नव्या वर्षापर्यंत कळ काढ," मी म्हणाले. "तपासणी झाली की सोड."

"सासूबाईंना एवढं तरी सांगा, की हे गोळीने होतंय."

"सांगते."

मी सांगितलं नाही. ब्योनांच्या म्हातारीला दुसरा नातू हवा होता, गिरणीच्या लोभाने ती कशीबशी गप्प होती. गोळीने डोकं फिरतं असं तिच्या कानावर घातलं असतं तर संध्याकाळपर्यंत ते विहिरीवर पोचलं असतं आणि तेवीस सासवांनी तेवीस पाकिटं चुलीत घातली असती. उलट म्हातारीच मला वाटेत भेटली आणि म्हणाली, "अध्यक्षबाई, आमच्या सुनेला काय झालंय हो? तुम्ही शिकलेल्या."

मी म्हणाले, "आजी, तिच्या माहेरी कुणाला असं होतं का, चौकशी केलीत लग्नाआधी?"

एवढंच बोलले. पुढचं म्हातारीने स्वतः केलं. चार दिवसांत तिने शोधून काढलं की इमसूनची एक मावशी समुद्रात शिरली होती. मावशी शंख काढायला शिरली होती आणि लाटेने नेली, पण म्हातारीला एवढं पुरलं.

तोवर मला संशय आला होता की इमसून गोळ्या थुंकते. मी रोज भोंग्याच्या वेळी तिच्या स्वयंपाकघरात जाऊन उभी राहू लागले. ती गिळायची. मी म्हणायचे, "जीभ उचल." ती उचलायची. गीबोक कपाळाला फडकं बांधून दारात बसून बघायचा.

डिसेंबरात साहेब आले. थंडीसाठी सभागृहाची जमीन खालून तापवली होती, अख्खं गाव दाटीने बसलेलं, सासवा पुढे. साहेबांनी ठिपके मोजले. नदीपलीकडे दोन गळले होते. आमचे तेवीसच्या तेवीस. तेवढ्यात इमसून उठली आणि तिने साहेबांपुढे पाच रिकामी पाकिटं मांडली. प्रत्येक गोळीच्या खळग्यापाशी पेन्सिलीची खूण होती.

"साहेब, जिथे फुली आहे त्या दिवशी मला मरावंसं वाटलं," ती म्हणाली. एकेक शब्द स्पष्ट होता. "पांढऱ्यांपुढे फुल्या. तपकिरींपुढे बघा, एक-दोन सोडल्या तर कोऱ्या. पाचही महिने. मी वेडी नाही. सासूबाईंना सांगा मी वेडी नाही. ताई, तुम्ही सांगा. तुम्हाला माहीत आहे."

सगळे माझ्याकडे वळले. साहेब म्हणाले, "काय हो अध्यक्षबाई, काय आहे हे?"

मी पाकिटं उचलली. पाचही महिने, एकेक फुली जागच्या जागी. इतका नेटका हिशेब मी माझ्या वहीतही ठेवला नव्हता.

"साहेब, ही आमची सगळ्यांत नेमाची बाई," मी म्हणाले. "पाच महिन्यांत एक गोळी चुकलेली नाही. घेतली की खूण करते. मनाने हळवी आहे जरा, पण नेम बघा."

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनी वाजवल्या. नेमाने गोळी घेणारीसाठी त्यांनी बक्षीस आणलं होतं, एनॅमलचं घंगाळ, आत दोन लाल मासे रंगवलेले. ते त्यांनी तिच्या हातात दिलं.

तिने घंगाळाकडे पाहिलं. ती हसली, लावणीच्या वेळी हसायची तशी, तोंडावर हात न धरता. आणि ते तिने माझ्या दिशेने फेकलं. मला लागलं नाही. साहेबांच्या गुडघ्याला लागलं.

"बघितलंत?" म्हातारी उठून उभी राहिली. "सगळ्यांनी डोळ्यांनी बघितलंत ना?"

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने तिला पाठवलं. गीबोक आजीच्या पाठीवर बांधलेला होता आणि आईकडे झेपावत होता. चुनजाच्या आईने घंगाळ बसच्या खिडकीतून आत ढकललं. "बक्षीस विसरलीस की गं!" बस सुटली. तिचा ठिपका मी तक्त्यावरून काढला नाही. वर्ष संपायला अजून अकरा दिवस होते.

एप्रिलात गिरणी सुरू झाली. त्या दिवशी इमसून आली होती. गालांवर मांस आलेलं, डोळे स्वच्छ. ती ब्योनांच्या फाटकापुढे उभी राहून शांतपणे म्हणत होती, "सासूबाई, मी बरी आहे. गोळ्या सोडल्यापासून बरी आहे. बोलून तर बघा माझ्याशी." आतून म्हातारी म्हणाली, "वेड्यांनाही बरे दिवस असतात." मी गिरणीची किल्ली हातात घेऊन त्याच वाटेने चालले होते. इमसूनने माझ्याकडे पाहिलं. ती काही मागेल म्हणून मी आधीच म्हणाले, "जा बाई, शेवटची बस निघून जाईल."

तिने काही मागितलं नाही.

ती पुन्हा आली नाही. पत्रं यायची, वर्षाला दोन, गीबोकच्या नावाने. म्हातारी ती चुलीत घालायची. म्हातारी गेल्यावर गीबोकच्या हातात पडू लागली. त्याने एकाही पत्राला उत्तर लिहिलं नाही.

मागच्या सुगीच्या सणाला गीबोक माझ्याकडे आला. पंचावन्नचा झालाय, केस पांढरे, कपाळावर आडवी खूण. दरवर्षी येतो, गुडघे टेकून नमस्कार करतो.

"काकू, आई वारली. उन्हाळ्यात. तिच्या भावाचा फोन आला होता. मी गेलो नाही."

मी ताटली पुढे सरकवली. नव्या तांदळाच्या वड्या होत्या.

"म्हणतात की शेवटपर्यंत व्यवस्थित होती. मासळीबाजारात दुकान चालवायची. गायची म्हणे." त्याने कपाळावरून बोट फिरवलं. "तुम्ही तिला जवळून पाहिलंय. गावात आता दुसरं कुणी उरलं नाही. काकू, ती खरंच वेडी होती ना?"

पन्नास वर्षं तो कुणावर तरी रागावून जगला होता, आणि आता त्या रागाला टेकू मागायला माझ्याकडे आला होता. मी त्याच्याकडे पाहिलं. दारात बसून बघायचा तेव्हाही त्याचे डोळे असेच होते.

"होती," मी म्हणाले. "पोरा, होती. तू गेला नाहीस ते बरंच केलंस."

त्याने मोठा श्वास सोडला. खांदे खाली आले. मग त्याने एक वडी उचलली, खाल्ली, आणखी एक उचलली.

"तांदूळ छान आहे काकू," तो म्हणाला. "आपल्या गिरणीतलाच ना?"