खड्डा कुठल्या गालाला

हाडं तपासणाऱ्या बाईंनी पडद्यावरची कवटी जरा फिरवली, तसं म्हाताऱ्या न्हाव्याचं डोकंच गरगरायला लागलं. टेबलावरच्या ट्रेमध्ये खापरांसारखे तुकडे होते. बाईंनी एकेका तुकड्याची यंत्रानं छबी घेतली होती आणि कॉम्प्युटरवर त्या जोडून अख्खं तोंड उभं केलं होतं. हा आपला हरवलेला धाकटा भाऊ का, एवढंच न्हाव्यानं सांगायचं होतं. भावाची बायको बाहेर बाकावर बसली होती. "मला नाही बघवणार, भाऊजी. तुम्ही म्हणाल ते खरं," म्हणून तिनं सगळं ओझं त्याच्या गळ्यात घातलं होतं.

"गालाच्या हाडाला खड्डा असेल तर तो आमचाच," न्हावी म्हणाला. "लहानपणी झोपाळ्याची फळी लागली होती."

बाईंनी कवटी समोर आणली. न्हाव्यानं चष्मा पुसून बघितलं. "अहो, खड्डा तर दोन्हीकडे आहे!"

बाईंनी जीभ चावली. "अर्धं तोंड सापडलंच नाही. अशा वेळी आम्ही सापडलेली बाजू आरशातल्यासारखी उलटून दुसरीकडे बसवतो. तिच्याबरोबर खड्डाही गेला. तो पुसायचा राहिला माझ्याकडून. खरा एकच."

"कुठला?"

"ते आधी तुम्ही सांगा. मी सांगितलं तर तुम्हाला तोच आठवेल. बाकीच्या तपासण्या होतीलच, पण बाजू जुळली नाही तर हा तुमचा माणूस नव्हे, एवढं आजच कळेल."

आली का पंचाईत! जन्मभर भावाची दाढी ह्याच हातांनी केलेली. पण कधी मागं उभं राहून, कधी समोर वाकून, कधी आरशात बघत. आरशातला भाऊ कुठला आणि खुर्चीतला कुठला, ह्याचा पार गुंता झाला. त्यानं डोळे मिटून हवेत वस्तरा धरला. हात उजवीकडे अडखळला. मग डावीकडेही अडखळला.

"हातसुद्धा फितूर झाला बघा," म्हणत तो बाहेर आला. "धाकटे, तुझ्या नवऱ्याच्या कुठल्या गालाला खड्डा होता गं?"

"डाव्या," ती ताडकन म्हणाली. "असं कसं विसरलात? वस्तरा तुमचाच होता की!"

तो तसाच आत गेला. "डावा!"

बाईंनी मान हलवली. "इथला खरा खड्डा उजवा आहे. मग हा तुमचा भाऊ नव्हे."

न्हाव्याच्या छातीवरचा धोंडा उतरला. बाहेर येऊन तो म्हणाला, "आपला नव्हे गं. आपला असेल कुठंतरी."

धाकटी हसली आणि रडली, दोन्ही एकदमच. "मला ठाऊकच होतं! रोज समोर जेवायला बसायचे. मी म्हणायची, ह्या खड्ड्यात पाणी साचेल एखाद दिवस. आणि हात पुढं करून अस्सं बोट लावायची..."

तिचा डावा हात सवयीनं पुढं झाला आणि समोर उभ्या न्हाव्याच्या गालापाशी, बोटभर अंतरावर थांबला.

न्हावी जागच्या जागी थिजला. त्यानं तिच्या हाताकडे बघितलं. मग हळूच आपला गाल चाचपला.

"काय झालं, भाऊजी?"

"हात तसाच ठेव," तो म्हणाला. "आणि मला जरा सांग, हा माझा गाल कुठला?"

"डा..." म्हणता म्हणता तिनं आपल्याच डाव्या हाताकडे बघितलं, मग त्याच्या गालाकडे. "उजवा," ती म्हणाली.