शिंप्याचा झगा

“मनुष्यजन्म नुसता उसवण्या-शिवण्यात घालवण्यासाठी नाही,” शिंप्याने दुकानाच्या मधोमध उभं राहून जाहीर केलं. तोंडात टाचण्या असल्याने पहिल्या खेपेला ते कुणालाच कळलं नाही. टाचण्या काढून त्याने पुन्हा जाहीर केलं, पण दुसऱ्या खेपेला त्यात तेवढा दम राहिला नव्हता.

ऐकायला बायकोच होती. खिडकीपाशी बसून ती एका कोटाची काजं करत होती. आपण कोण, कशासाठी आलो, हे शोधायला नवरा उद्या सकाळी डोंगरावरच्या मठात निघणार, तोही कायमचा, हे तिला ठाऊक होतं. महिनाभर तो दुसरं काही बोललाच नव्हता. मठाचा नियम एकच: येणाऱ्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या मापाचा शिवलेला पायघोळ झगा घालून यायचं. नियम ऐकून शिंपी गालात हसला होता. देवाकडे निघालेल्या बाकीच्यांचं घोडं इथेच पेंड खात असणार, असं त्याचं मत पडलं.

झगा त्याने टेपला हात न लावता, नजरेने बेतला. गल्लीतल्या कुणाचाही खांदा तो लांबून सांगत असे. अंगात चढवला तर खांदे दंडावर घसरले आणि पोटापाशी शिवण करकरली. त्याने कापडाला दोष दिला. उसवलं, पुन्हा शिवलं, मग दोऱ्याला दोष दिला. शेवटी नाइलाजाने टेप काढली. पण आकडा वाचायला मान खाली घातली की छाती आत जाई, आणि ताठ उभं राहिलं की आकडा दिसत नसे.

बायकोने दोरा दातांनी तोडला आणि पुढचं काज घेतलं. मदतीला येऊ का, असं तिने विचारलं नाही. आपल्याला सोडून निघालेल्या माणसाला निदान नीट कपड्यांत जाऊ द्यावं की नाही, हे तिचं अजून ठरत नव्हतं.

शिंपी झगा पुन्हा चढवून हट्टाने आरशासमोर गेला. या आरशात तो जन्मभर गिऱ्हाइकाच्या मागे उभा राहिला होता. कुणाच्या तरी खांद्यावरून डोकावणारं डोकं सोडलं, तर स्वतःचं त्याने काही पाहिलेलं नव्हतं. आज पुढे गिऱ्हाईक नव्हतं. ज्याच्यासाठी झगा शिवला तो रुंद खांद्यांचा, सपाट पोटाचा तरुण दुकानातून केव्हाच निघून गेला होता.

“मी असा कधी झालो गं?”

“हळूहळू,” बायको म्हणाली. “मी होते की बघायला.”

शिंप्याने झगा उतरवून सगळ्या शिवणी पुन्हा उसवल्या आणि टेप तिच्यापुढे धरली.

“माप घे. आहे तेच घे, माझी भीड धरू नकोस. देवापुढे दुसऱ्या कुणाच्या मापात उभं राहायचं नाही मला.”

“सगळं स्वतःच्या हाताने करायचं, म्हणालात.”

“शिवणार मीच.” त्याने टेप आणखी पुढे केली. “पण हे माझं मला दिसत नाही.”

ती उठली. टेप त्याच्या कमरेभोवती फिरवून दोन्ही टोकं तिने हातात धरली. आकडा वाचायची तिला घाई दिसली नाही. शिंप्याने डोळे मिटले, मठाची पायरी समोर आल्यासारखा चेहरा केला आणि श्वास रोखून उभा राहिला.

“अहो,” ती म्हणाली, “जरा पोट सोडता का?”